वाकडं शिंग

मारबत काल गेली. आज टिमकीच्या अंगणवाडीत
पोरांचे गळे अजून तिच्याच मागे.
म्हणून मी रद्दीची एक छोटी बांधली,
म्हटलं, मनातलं नको ते हिला देऊन टाका.

सुपर्ण ओरडला, "राग घेऊन जा गे मारबत!"
झोयानं दिली अंधाराची भीती.
कोणी वांग्याची भाजी दिली. तीही घेतली.

यामिनी तेवढी गप्प.
कालच्या तान्ह्या पोळ्यात सुपर्णनं
तिच्या लाकडी बैलाचं शिंग मोडलं,
तेव्हापासून बैल फ्रॉकमध्ये गुंडाळलेला.

"तुझं रडू देतेस?"
मान हलली, नाही.
"ते माझं आहे, बाई.
त्याच्यात माझा बैल आहे."

ट्रेनिंगच्या वहीत मी लिहून आणलं होतं,
मुलांना भावनेचं नाव सांगा.
पुढचं वहीत नव्हतं.

सुपर्ण बराच वेळ सँडलचा पट्टा ओढत बसला.
मग उठला, मारबतीचा हात उचकटून म्हणाला,
"बाई, याचं शिंग करून द्या ना."

खळ लावली. शिंग वाकडंच बसलं.
यामिनी हसली नाही.
पण बैल तिनं
दोघांच्या मधे ठेवला.