जायफळ जेवत नाही

रात्री पावणेदोनला कळलं.
खरं तर दुपारीच कळायला हवं होतं.
कोथिंबिरीची काडी होती तशीच पडली होती
आणि मी ती उचलून, धुऊन, फ्रीजमध्ये परत ठेवली.
काटकसरी माणूस.

साडेनऊ वर्षांचा झाला.
ईसा टाउनच्या बाजारातून शर्वाणीने हट्टाने आणला
तेव्हा ओंजळीत मावायचा, रंग थेट जायफळाचा.
या घरात बहरीनमध्ये जन्मलेला तोच एक.
आम्ही दर दोन वर्षांनी मुदत वाढवून घेणारे.

शर्वाणी आता हॅलिफॅक्सला,
वैजू हॉस्पिटलात रात्रपाळीला,
आणि हा सोफ्यामागे, पोट फरशीला चिकटवून,
दात खात.

आपल्याकडे दात रागाने खातात.
हा दुखण्याने.
एसी मध्येच थांबला तेव्हा ती करकर ऐकू आली.

ट्रे कोरा. एक लेंडी नाही.

वैजू फोनवर म्हणाली, कान बघ, गार आहेत का?
बाहेर छत्तीस डिग्री, आणि कान गार.
बाटलीत गरम पाणी भर, टॉवेलात गुंडाळ, कुशीला लाव.
ऑगस्टात इथे गार पाण्याच्या नळालाच कढत पाणी येतं.
गीझर बंद ठेवून त्यातलं आम्ही गार म्हणून अंगावर घेतो.
इतक्या उन्हाळ्यांत पहिल्यांदा
त्या नळाचे आभार मानले.

ओट्याखाली आईने पाठवलेली सहाण अजून आहे.
बाळाचं पोट दुखलं की जायफळ उगाळायचं, दोनच वेढे.
जायफळाचंच पोट दुखलं
तर काय उगाळायचं, हे तिने सांगितलं नव्हतं.

सकाळी बुदैयाच्या रस्त्याला, खोक्याला सीटबेल्ट लावून.
सिग्नलला शेजारच्या पिकअपमध्ये जतच्या ओल्या पेंढ्या.
मी काच खाली केली, वास येऊ दिला.
खोक्यात हालचाल नाही.

डॉक्टर बसेमनी कणीक चाचपावी तसं पोट चाचपलं.
सुई. थेंब. हिरवी पूड, दर दोन तासांनी कालवून.
म्हणाले, यांची जातच अशी,
दुखणं शेवटपर्यंत लपवतात.
अडतीस दिनार.

सुईविना सिरिंज, गालाच्या फटीतून, हळू.
पहिला घास माझ्या शर्टावर.
दुसराही.
शर्वाणीला वैजू भरवायची,
मी तेव्हा सित्र्याला ओव्हरटाइम करत होतो.
एक घास काऊचा, एक चिऊचा,
त्यापुढे कोणाकोणाचे असतात मला ठाऊक नाही.
मग एक कोल्ड स्टोअरवाल्या कुंजुमोनचा,
एक डॉक्टर बसेमचा,
एक आमच्या अकाउंट्समधल्या फर्नांडिसचा, जो कोणालाच आवडत नाही.
तो गिळला.

संध्याकाळी शर्वाणीचा फोन.
जायफळ कसा आहे?
मी कॅमेरा छताकडे वळवला. झोपलाय, म्हटलं.
तू? ठीक. आई? ठीक.
इथून तिथे, तिथून इथे,
बावीस वर्षं आम्ही सगळे असेच ठीक आहोत.
माझ्या आईचं मला
चौथ्या दिवशी कळलं होतं.

पोट चोळत बसलो, वैजूने दाखवलं तसं,
पुढून मागे, बोटांच्या पेरांनी.
कातडीखाली बरगड्या. कधी झाला एवढा म्हातारा?
मगरिबची बांग झाली, खालचं गॅरेज बंद झालं.

मग टॉवेलावर तीन.
मिऱ्यांएवढ्या, वेड्यावाकड्या, एका केसात ओवलेल्या.
मी वैजूला हाक मारली, ती झोपेतून धावत आली,
दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिलो
सोन्याकडे बघतात तसे.

बरा झाला असं नाही.
आत्ताही सोफ्यामागेच आहे,
कोथिंबिरीकडे पाठ करून.
फक्त करकर नाही.

फोटो काढला, तेवढ्या तिघींचा,
आणि शर्वाणीला पाठवला.
तिकडून लगेच आलं:
बाबा, कधीपासून?

मी लिहितोय,
पुसतोय,
काल दुपारपासून, असं लिहितोय.