एक्सची घरं

पर्वतीच्या मागच्या उतारावर घरं
एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी.
खालच्याचा पत्रा ते वरच्याचं अंगण.
तिथे वाळत घातलेल्या चड्ड्या मोजल्या
तरी कळतं, पाच वर्षांखालचं कोण राहिलंय.

मी दारावर खडूने लिहिते.
पी म्हणजे डोस झाला.
एक्स म्हणजे परत यायचं.
पी विसरायची मुभा असते,
एक्स माझ्याबरोबर बसमध्ये स्वारगेटपर्यंत येतो.

गल्ली नंबर त्रेचाळीस, संडासाच्या वरचं तिसरं घर.
पहिल्यांदा कुलूप.
दुसऱ्यांदा आतला टीव्ही एकदम गप्प झाला.
तिसऱ्यांदा थोरल्या पोरीने दार उघडलं, कडेवर भाऊ.
त्याच्या करंगळीवरची शाई फुंकत म्हणाली,
"आईच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात आहेत. खात नाही ती."

कौसाबाई. सहकारनगरला चार बंगल्यांची धुणीभांडी.
गोळी घेतली की मळमळतं,
मळमळलं की चौथं घर होत नाही.
खोकला आला तर ती नळ मोठा सोडते.

मी ट्रेनिंगमधलं सगळं बोलले.
सहा महिने, एक दिवस खाडा नको, पोरांचीही तपासणी.
ती ऐकत होती,
उद्या टँकर येणार हे ऐकतात तसं.

मग माझ्या पिशवीकडे हनुवटी करून म्हणाली,
"ते दंडाला बांधायचं मशीन,
स्वतःला लावता का कधी?"

लावलं. एकशे सत्तर, खाली एकशे दोन.
माझीही गोळी पर्सच्या तळाशी होती,
पास, सुटे पैसे, खडूचा चुरा यांच्याखाली,
चार दिवसांची.
एकाच तांब्यातलं पाणी. आधी ती, मग मी.
पोरगी दोघींच्या तोंडात डोकावली,
"आ करा. जीभ वर."

रजिस्टरमध्ये ह्याला रकाना नाही.
तिचं वजन लिहिलं, अडतीस.
तारीख. पुढची तारीख.

आता रोज सकाळी सहाला तिचा मिस्ड कॉल येतो,
म्हणजे घेतली.
मी उलट एक देते,
म्हणजे मीसुद्धा.

रविवारी आला नाही.
सोमवारी लसीच्या डब्यात बर्फ भरायच्या आधीच
मी पायऱ्या चढायला लागले.