शेरा

माझं काम तसं कारकुनी.
ओउलूच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
मी अर्ज तपासतो.
सत्तर नद्यांचे, एकाच आठवड्यात भरलेले.
मेकाँग, झांबेझी, पाराना, युकॉन,
सगळ्यांचे रकाने सारखे असावेत म्हणून
तीन वर्षं सभा झाल्या. कुणाची पहाट, कुणाची मध्यरात्र.
गाळणीचं छिद्र केवढं असावं
यावरच दोन हिवाळे गेले.

शेवटी ठरलं: नदी म्हणजे दोन लिटर पाणी.
माशानं जाता जाता सोडलेली लाळ, विष्ठा, खवल्याची कणी,
आणि त्यातली ती चार अक्षरं.
जाळं नको, गळ नको,
मासा दिसायलाही नको.

देआत्नू नदीवरून अर्ज आला, एल्ले-मारेतचा.
देश, एकच निवडा: तिनं दोन्हींवर खूण केलेली.
परत पाठवला.
शेरा: सीमा पाण्याच्या मधोमध आहे. होडी वाहत होती.
बाटली भरेपर्यंत दोन्ही देश झाले.

ऋतू: चारांपैकी एकही नाही.
परत पाठवला.
शेरा: आमच्याकडे आठ आहेत. हा उन्हाळा आणि शरद यांच्या मधला.
डास गेलेत, बर्फ यायचंय.

साधन.
शेरा: वडिलांची होडी. सामन धरायला बंदी आहे,
तेव्हा रिकामीच असते.

शेऱ्याचा रकाना पुढे कुठेच जात नाही.
जगाच्या संचात त्याला जागा नाही.
तो वाचणारा मी शेवटचा.

प्रत्येक नमुन्याबरोबर एक कोरी बाटलीही जाते.
आम्हीच पाठवलेलं शुद्ध पाणी,
होडीत उघडायचं, तिथंच गाळायचं.
त्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये.
ती आमची साक्षीदार.

निकाल नोव्हेंबरात आले.
नदीच्या बाटलीत ग्रेलिंग, पाईक, रेनडिअर,
परक्या समुद्रातून शिरलेला गुलाबी सामन, उदंड, काठाला सडत असणार.
माणूस: नियम नऊप्रमाणे वगळला.
अटलांटिक सामन: अकरा वाचनं.

कोऱ्या बाटलीत
अटलांटिक सामन: चारशे सहा.

नळ्यांची अदलाबदल झाली का, ते पाहिलं.
चिठ्ठ्या पाहिल्या. मग फोन केला.
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी लाकडं रचत होतं.
"मधली फळी," ती म्हणाली.
"बाबा तिच्यावरच मासे साफ करायचे. सुरी पुसायचे ते पण तिच्याच कडेला.
मी गाळणी तिथं ठेवली.
सपाट जागा तेवढीच आहे."

नियम स्वच्छ आहे. कोऱ्यात काही निघालं
की सबंध नमुना बाद.
नाहीतर झांबेझीशी ताडून बघायचं कशाच्या जोरावर?
सभेत हे कलम मीच वाचून दाखवलं होतं
आणि कुणीही हरकत घेतली नव्हती.
मी 'बाद' दाबलं.
सोबत सूचना जोडली: होडी ब्लीचनं धुवावी,
दहा टक्के, दोनदा, फटींतून ब्रश फिरवून.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सूप होतं,
सामनचं, तळ्यातल्या पिंजऱ्यात वाढवलेल्या.
मी ब्रेड घेतला.

दुसऱ्या वर्षी अर्ज आला तो बिनचूक.
देश एक. ऋतू चारांतलाच.
कोरी बाटली: शून्य.
नदी: ग्रेलिंग, पाईक, रेनडिअर.
गुलाबी नाही, त्याचं हे वर्ष नव्हे.
माणूस वगळला.
अटलांटिक सामन: दोन वाचनं,
आणि दोन म्हणजे आमच्या हिशेबी शून्यच धरतात.

'मंजूर' दाबलं. नकाशाच्या अगदी वरच्या टोकाला
एक हिरवा ठिपका लागला,
बाकीच्या एकोणसत्तरांसारखाच.

शेरा: होडी धुतली, तुम्ही सांगितलंत तशी.
तीनदा धुतली.
आता तिला कसलाच वास येत नाही.