बाकी चार आणे

वडशाहून जीप निघायच्या आत
मी पेटारा मोजते.
मुकुट तीन, एक कानाजवळ चेपलेला.
तलवारी सहा, दाढ्या चार, प्रधानाची पगडी,
आणि माझ्याच जुन्या लुगड्याच्या चिंधीत
सरसाहेबांचा गुलाब.
पाकळ्या पाच, लाखेचा लाल रंग,
मधे राणी होती.
आता तिचं नाक तेवढं आहे.

सरसाहेब म्हणजे उदेभान डोंगरवार, मालगुजार.
खरं तर सर नव्हतेच ते.
त्या मानाच्या शिडीची शेवटची पायरी त्यांना मिळाली
आणि तिथल्या माणसाला सर म्हणत नसत,
असं साकोलीच्या एका मास्तरांनी मला सांगितलं.
पण गावाला पायऱ्या कुठल्या दिसतात?
छातीवर काही चमकलं की गाव वाकतं.

छप्पनच्या दुष्काळात त्यांनी तलाव बांधला,
म्हणजे पाळीवर छत्रीखाली उभे राहिले.
माती कोणी वाहिली ते हजेरीच्या वहीत होतं.
वही वाळवीनं वाचली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.
तलाव अजून आहे.
शिंगाडे चांगले येतात.

ते गेले तेव्हा भंडाऱ्याहून कारकून आला.
तेरवीचं जेवला, दोनदा कढी मागितली,
हात धुतले, मग खिशातून कागद काढला:
धनी वारले, वस्तू परत द्यावी.
सगुणाबाई दाराआडून म्हणाल्या,
"मानूस नेला तवा कोनं पावती नाही देली,
ह्या फुलाची मात्र याद हाये!"
आणि रात्रीच माझ्या आज्याला बोलावणं धाडलं,
बकाराम सोनाराला.

दोन रात्री भाता चालला.
पितळ ओतलं, लाख भरली,
राणीचं नाक आजीकडे बघून कोरलं,
असं आजीच सांगायची,
आणि सांगताना पदर नाकावर घ्यायची.

लोक पैज लावतात,
विलायतेला गेला तो बकारामचा,
अस्सल तुमच्या पेटाऱ्यात.
मी हसते. उलटून कोणाला दाखवत नाही.
मागे सुईच्या टोकानं आज्यानं लिहून ठेवलंय:
मजुरी सव्वा रुपया. बाकी चार आणे.

पुढे मालगुजारी गेली.
सगुणाबाईंच्या नातवानं एक हार्मोनियम, दोन सतरंज्या
आणि हे फूल नाटक कंपनीला देऊन टाकलं.
देताना फोटो काढला.
चार आण्यांचं कोणी बोललं नाही.

मंडईच्या रात्री आडकू मडावी राजा होतो.
दिवसा तो पानठेल्यामागे बसून
जळलेल्या मोटारींना तार गुंडाळतो.
मी त्याच्या मखमलीवर गुलाब टोचते.
पिन जाड आहे, बाभळीच्या काट्यासारखी,
मखमल, बनियन, सगळं ओलांडून आत जाते.
"हळू व माय," आडकू म्हणतो.
तिथे त्याला एक ठिपका पडलाय,
डावीकडे, मसुराएवढा.
त्याच्या आधीच्या राजालाही होता.
त्याच्या आधी माझ्या बापाला,
शेवटची आंघोळ घालताना पाहिला मी.
सरसाहेबांना होता का, कोण सांगणार?
त्यांचा कोट जाड होता म्हणतात.

काल मध्यंतरात डोंगरवारांचा पणतू मागे आला,
पुण्याहून, पांढऱ्या बुटांत.
राजाचा पार्ट त्याला फार आवडला होता.
गुलाबाजवळ बोट नेऊन म्हणाला, भारी बनवलंय हो,
आणि राजाला बक्षीस म्हणून
पाचशेची नोट काढली, जरा थांबला,
माझ्याकडे वळला.
"काकू, सुट्टे आहेत का?"

नाहीत, म्हटलं.
आमचेच यायचे आहेत.