चिमणीचा रोजा

सोहारची शाळा, तिसरी ब,
पाठ सातवा: आपले सण.
फळ्यावर पट्टी धरून मी चार रकाने आखले
धर्म, सण, प्रार्थनेची जागा, खाऊ.
चौथ्याला पट्टी घसरली, रेघ पोट काढून वाकडी गेली.
पुसायला डस्टर उचललं तर तरुषी म्हणाली,
राहू दे मिस, त्या फुगवट्यात
आमचे वेसाकचे कंदील मावतील.

रमजानचा अठरावा दिवस.
मागच्या बाकांवर डबे खाणारी मुलं
चिप्ससुद्धा आवाज न करता चावायला शिकलेली.

जेफिनचा हात वर.
आमच्याकडे पन्नास दिवस मासे बंद आहेत, मिस.
अप्पच्चन नुसत्या वासानंही चिडतात.
खायचं नाही, हे खाऊच्या रकान्यात लिहायचं का?

मी खडू झटकते. विचार करते.
तेवढ्यात हरकिरतच्या खिशातून दोन शिंपले
टणटण करत फरशीवर.
चार दिवसांपूर्वीच्या रात्री
अख्खी गल्ली शिंपल्यावर शिंपला आपटत फिरली होती,
करनकशो, करनकशो,
दारोदार गोळ्या, शेंगदाणे, कुणाकडे शंभर बैसा.
वर्गातलं कुणीही घरी थांबलं नव्हतं.
हा कोणाचा सण, मिस?
मी पुस्तक चाळते. पुस्तकात नाही.
मुनीरा म्हणते, ज्याच्याकडे पिशवी असेल त्याचा.

मुनीरा सरगुरोह. आजोळ बाणकोट.
जन्मली इथल्याच दवाखान्यात,
पण तिचा ‘ळ’ अजून खाडीच्या काठावर बसलेला.
माझं माहेर समोरच्या काठाचं, बागमांडल्याचं.
ती ‘ईदला सांदणं’ म्हणाली की मला
आईच्या चुलीवरची वाफ येते,
आणि मी घाईघाईनं हजेरी घ्यायला लागते.

आज तिचा चिमणीचा रोजा आहे, दुपारपर्यंतचा.
ओठ कोरडे, ऐट मोठी.
मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन माझ्या पर्समध्ये डोकावली.
मिस, तुमचा डबा?
आज नाही गं. संकष्टी.
म्हणजे तुमचापण रोजा?
तसंच काहीसं.
कधी सोडणार?
चंद्र उगवला की. नऊ वाजून जातील.
डोळे विस्फारले. मगरिबपेक्षाही उशिरा?
मग तिनं मला नीट तपासलं, मौलवीसारखं.
पाणी?
चालतं.
चहा?
...चालतो.
आणि साबुदाण्याची खिचडी?
मी खिडकीबाहेर बघितलं.
मिस, ती अगदी हळू म्हणाली, कुणी ऐकू नये म्हणून,
ही तर चीटिंग आहे.

त्या दिवशी मी चहा घेतला नाही.
का, ते विचारू नका. गणपतीसाठी नव्हे, एवढं खरं.

रात्री गच्चीवर.
बंदराचे दिवे, जहाजं रांग लावून उभी,
दमट वारा, ओढणी चिकटते मानेला.
चंद्र समुद्रातूनच येतो इथे,
पण आमच्या इमारतीसमोर
नव्या मजल्यांची टाकी उभी राहिली आहे ह्याच वर्षी.
नऊ दहा. नऊ वीस.
पंचांगाची वेळ पुण्याची, ती इथे काय कामाची.
दूर्वा नाहीत; कुंडीतलं गवत आहे, तेही पिवळं.
पोट म्हणतं, उगवला असेल, टाकीमागे.
मन म्हणतं, दिसल्याशिवाय नाही.

फोन थरथरला.
सरगुरोहबाईंचा आवाज, संकोचून:
मॅडम, झोपतच नाही ही, तुम्हाला सांगायचंय म्हणे.
आणि मागून, भांड्यांच्या गलक्यातून,
बाणकोटच्या ‘ळ’सकट, फोन हिसकावून घेत:
मिस, निघाला! पिवळा आहे, एका बाजूला चेपलेला!
मी आमच्या गच्चीवरून बघितला, देवाशप्पथ!
सोडा आता, सोडा!

चंद्र पाहिल्याची साक्ष
एका शहाण्या माणसाची पुरते म्हणतात.
वय आठ, पण आज तिनं अर्धा दिवस धरला होता.

मी टाकीला हात जोडले,
आणि समोरच्या दारातून आलेल्या इफ्तारच्या ताटलीतला
राहिलेला एक खजूर उचलला.