पाटीवरची चूक

गावाचं नाव बगळे ठेवायचं ठरलं होतं.
लास गार्सास. तळ्याकाठी तेव्हा तेच राहायचे,
माणसं नंतर आली, रुळांमागून.
पण पाटी रंगवली लिव्हरपूलला
स्पॅनिश न येणाऱ्या कुणा रंगाऱ्यानं.
अक्षरांची थोडी उलथापालथ झाली
आणि बोटीतून उतरलं ते
लास ग्रासियास. आभार.
परत पाठवायची तर भाडं कोण भरणार?
कंपनीनं वेळापत्रक बदललं.

कुणाचे आभार, कशाबद्दल,
ते लिहायला फळी पुरली नाही,
असं सांधेवाला नेमेसियो म्हणायचा.

पहाटे चार-दहाची दुधाची गाडी.
जुलैच्या थंडीत कॅनच्या झाकणाला बोटं चिकटायची.
सुगीत गव्हाची थप्पी छपराहून उंच,
तिच्यावरून पडून माझा पुढचा दात गेला.

बाप तारमास्तर.
जन्म, मरण, गव्हाचा भाव
सगळं एकाच बोटानं, एकाच कडकट्टात.
धाकट्या भावाच्या मरणाची तार त्यानंच उतरवून घेतली,
वेळ टाकली, सही केली, पाकीट चिकटवलं,
माझ्या हातात दिलं: आईला नेऊन दे.
आणि दार वाजव. घरचं असलं तरी.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये गाडी आली नाही.
इतकंच.
ओब्दुलिया ब्रागोन्सी डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालेली,
तीन सकाळी बॅग मांडीवर घेऊन बसली.
चौथ्या दिवशी दोन पोरांकडून
तिनं फलाटावरचं बाकच घरी नेववलं.
वाट बघायचीच आहे, म्हणाली,
तर चुलीशी बसून बघीन.

घड्याळ कुणी नेलं ते सगळ्यांना माहीत आहे.
छपराचे पत्रे आता तीन गोठ्यांवर आहेत,
त्यातला एक माझा.

पंच्याऐंशीच्या पुरात तळं रस्ता ओलांडून
फलाटाला येऊन टेकलं.
बुडालेल्या रुळांवर बगळे उभे राहिले,
एका पायावर, एकमेकांकडे न बघता,
एकाच गाडीनं जाणाऱ्या
अनोळखी माणसांसारखे.
पाणी उतरायला चार वर्षं लागली.
काही बगळे राहिले.

यंदा काळा रंग आणला, शिडी लावली.
वर पोचल्यावर लक्षात आलं,
आता दुरुस्त केलं तर विचारणारं कुणी नाही.
खाली गवतात एक बगळा बेडूक गिळत होता,
मान वर करून, सावकाश.

मी ब्रश बुडवला
आणि चूक होती तशीच गिरवली,
शेवटच्या अक्षरापर्यंत.