दावा क्रमांक सात

अर्ज उदगीरचा. अर्जदार रेहाना मणियार,
वय एकोणतीस, धंदा: जनावरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर.
लातूरच्या घरी, गच्चीखालच्या खोलीत,
कूलरच्या घरघरीत मी वाचतोय:
'फोन ठरलेल्या हद्दीत शिरताच
त्या गावचं काम आपोआप उघडतं,
लसीची यादी, गोठ्यांची नावं, सही.
हद्द सोडली की बंद.'

माझं काम सोपं आहे.
हे आधी कुणी केलंय का, एवढंच शोधायचं.
जपानमध्ये केलंय. कोरियात दोनदा.
एका अमेरिकी कंपनीनं तर गोदामाच्या दारात
ट्रक थांबायच्या आत पावती छापलीय.
दावा एक ते सहा: नावीन्य नाही.
बोटांना पाठ आहे ते वाक्य.

खरं तर मला दुसराच दाखला आठवत होता.
वडील पट्टीबंधक होते, जनावरांच्या दवाखान्यात.
बर्फाचा डबा कॅरेजला, पँटला चिमटा.
कवठाळी आमचंच गाव, तरी
शिवेवरचा शेंदूर फासलेला दगड आला
की हात आपोआप घंटीवर जायचा,
आणि पलीकडं बायका म्हशी सोडायचं थांबवायच्या.
दगड ते वेस: रजिस्टरचं पान उघडं.
वेस ते हातपंप: सुया उकळायला.
त्याच वेशीत आईचा पदर डोक्यावर यायचा,
आणि माहेरच्या वाटेला लागताना
बरोब्बर त्याच जागी खांद्यावर उतरायचा.
कुठलाही उपग्रह नव्हता.

पण याला प्रकाशनाची तारीख नाही.
आईचा पदर संदर्भ म्हणून जोडता येत नाही.
कायद्याला 'त्या कलेत निपुण व्यक्ती' हवी असते,
ती कुठं राहते ते कायदा विचारत नाही.

सुनावणी गुरुवारी, पडद्यावर.
साहेब एका चौकोनात, मी एका,
तिसऱ्यात रेहानाबाई; मागं कुणीतरी मिरच्या कांडत होतं.
साहेब म्हणाले, दावा सात समजला नाही.
ती आधी इंग्रजीत बोलली. मग थांबली.
'सर, आमचा एक पोरगा, गुंडाप्पा,
कवठाळीला गेला लस घेऊन.
फोन वाजलालाय, गाव आलं, गाव आलं म्हणून,
आन् समोर नुसत्या बाभळी.
एक चौथरा. फुटका रांजण.
फोननं एकेचाळीस घरं भरून टाकली:
दार बंद. दार बंद. दार बंद.'

नकाशावर जुनं गावठाण राहून गेलं होतं.
गाव भूकंपानंतर अडीच किलोमीटर सरकलं,
रांगेत बसलं, गल्लीचे प्लॉट झाले.
आई प्लॉट एकशेबारात असते.
वडील अजून नकाशातल्या गावात आहेत.

हे साहेबांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.
माईक सुरू करून विचारलं,
'मग तुम्ही नेमकं काय बदललं?'
'काही नाही सर. पोचल्यावर फोन आता
काम उघडत नाही. थांबतो. विचारतो:
इथं माणसं आहेत का?
हो म्हणलं तरच यादी.'
'आणि नाही म्हटलं तर?'
ती जरा घुटमळली.
'तर गुंडाप्पा चालत जातो, माणसं दिसेपर्यंत.
हद्द त्याच्या मागं मागं.'

रात्री मी सगळे देश पुन्हा धुंडाळले.
सगळी यंत्रं पोचल्याची खात्री देत होती.
विचारत कुणीच नव्हतं.

अहवालाच्या शेवटी लिहिलं:
दावा एक ते सहा, आक्षेप कायम.
दावा सात नवा दिसतो, परंतु भाषा संदिग्ध;
'माणसं' ही संज्ञा अर्जदारानं स्पष्ट करावी.
ती ओळ खोडली. परत लिहिली.
नियमात बसते ती.

रविवारी आईकडं निघालो.
फाट्याच्या अलीकडं, बाभळींपाशी,
खिशातला फोन थरथरला.
रिचार्ज संपल्याचा मेसेज होता.
तरी गाडी उभी केली
आणि एकदा हॉर्न वाजवला.